पाचशे काडतुसांचं स्वस्त खोकं घ्यावं का?

इथे अमेरिकेत दुकानात पॉइंट टू-टूच्या, म्हणजे ०.२२ इंची, काडतुसांच्या फळीसमोर उभं राहिलं की नजर आधी मोठ्या खोक्यावर जाते. पन्नासाच्या सुबक डब्या शेजारीच असतात, पण त्यांच्याकडे बघतो कोण? सव्वापाचशेचं खोकं, साडेपाचशेचं खोकं, आणि रेमिंग्टनची तर चौदाशे काडतुसांची प्लॅस्टिकची बादलीच, कडीसकट. उचलली की साडेचार किलो मनगटाला जाणवतात आणि मराठी डोक्यात भागाकार सुरू होतो: एक काडतूस केवढ्याला पडलं?

परवा आमच्या मंडळातल्या एका तरुण मित्रानं तो भागाकार करून फोटोसकट मला पाठवला. "ताई, दोन घेऊन टाकू का? वर्षभराची चिंता मिटेल." त्याला फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं. हा प्रश्न मला वरचेवर येतो, म्हणून बाकीचं इथे लिहिते.

आधी कायद्याचं एक, कारण आपल्यातले बरेच जण अजून व्हिसावर आहेत. एच-वन बी, एफ-वन अशा व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्यानं बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून. मित्र म्हणाला म्हणून नाही. या पठ्ठ्याला नुकतंच ग्रीन कार्ड मिळालंय. मीही ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत इथल्या रेंजची पायरी चढले नव्हते.

त्याआधीची माझी नेमबाजी म्हणजे एनसीसी. गडहिंग्लजचं कॉलेज, कॅम्पातली पंचवीस यार्डांची रेंज, लाल मातीत पालथं पडून पॉइंट टू-टू डीलक्स रायफल. वाट्याला राउंड पाच. उस्ताद एकेक मोजून तळहातावर ठेवायचे आणि फायर झाल्यावर पाच रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायचे. एखादी कमी भरली तर अख्ख्या तुकडीनं गवतात रांगून ती शोधायची, जेवण मग नंतर. अशा मुलीनं ओहायोच्या रेंजवर पहिल्यांदा एका गृहस्थाला खोकं फोडून काडतुसं शेंगदाण्यासारखी टेबलावर ओतताना पाहिलं, तेव्हा तिचा जीव खालीवर झाला यात नवल नाही. दोन-चार तर टेबलावरून घरंगळून खाली पडली आणि त्यांनी वाकून बघितलंही नाही!

त्या पाच राउंडांची खोड अजून गेली नाही. मारलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब लागला पाहिजे. नोकरीही त्याच वळणाची: मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मोजमापाच्या खोलीत बसते, दिवसभर मायक्रॉनची भांडणं. त्यामुळे या विषयावर माझं मत सरळ आहे. स्वस्त घाऊक काडतुसं टीनचे पत्रे वाजवायला उत्तम, नवख्याला हात बसवायला चांगली. पण कागदावरच्या टार्गेटवर नेम सुधारायचा असेल तर ती महाग पडतात. पैशानं नव्हे, ती तुम्हाला काही शिकू देत नाहीत म्हणून.

आधी पैशाचं बघू, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. सध्या घाऊक खोक्यातलं एक काडतूस साधारण ६ ते ८ सेंटला पडतं. सीसीआय कंपनीचं स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे बेताच्या वेगाचं, घेतलं तर ९-१० सेंट. एसकेसारखं सुरुवातीचं जर्मन मॅच (सामन्यासाठीचं) काडतूस १५ सेंटच्या पुढे, लापुआचं सेंटर-एक्स पाव डॉलरच्या वर, आणि इलीचं टेनेक्स चाळीस सेंट ओलांडून वर. टेनेक्स बाजूला ठेवा, ते माझ्यासाठी नाही आणि ज्यांच्यासाठी आहे ते हा ब्लॉग वाचत नाहीत. खरा प्रश्न घाऊक आणि त्याच्या वरच्या पायरीचा. रेंजवर एका सकाळी शंभर राउंड झाडले तर त्या दोघांतला फरक तीन डॉलरचा. रेंजची फी वीस डॉलर, पेट्रोल वेगळं, परतीच्या वाटेवर मुलगा मागेल ते खाणं वेगळं. एवढा खर्च करून जायचं आणि तीन डॉलर काडतुसात वाचवायचे, हा हिशेब मला कधी पटला नाही. वर्षाला दहा हजार झाडणाऱ्याला हाच फरक तीनशे डॉलर पडतो, तिथे विचार करावा लागेल. पण वर्षाला दहा हजार झाडणारा माणूस सहसा अशी चौकशी करत नाही.

आता ते काडतूस आतून कसं असतं ते बघा, म्हणजे स्वस्ताई कुठे केलेली असते ते कळेल. पॉइंट टू-टू लाँग रायफल ही १८८७ सालची चीज, मॅसॅच्युसेट्सच्या स्टीव्हन्स कंपनीनं आणलेली. चाळीस ग्रेनची शिशाची गोळी, खाली पितळी पुंगळी. ती रिमफायर जातीची: बुडाच्या कडेला जी पोकळ झालर असते तिच्यात स्फोटक मसाला असतो आणि घोडा त्या कडेवर आपटतो. हा मसाला ओला असताना पुंगळीत घालतात, मग पुंगळी गरगर फिरवून तो कडेत सगळीकडे पसरवतात. पसरताना एखाद्या जागी राहून गेला आणि फायरिंग पिन नेमकी तिथेच पडली, की नुसतं 'टक्'. रायफल टार्गेटकडे तशीच रोखून तीसेक सेकंद थांबायचं, काडतूस काढायचं, अर्धं फिरवून पुन्हा घालायचं. बहुतेक वेळा उडतं. मॅचमध्ये मात्र त्या 'टक्'ला किंमत मोजावी लागते.

दारू किती? एक-दोन ग्रेन. एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा हिस्सा. चिमूटभर म्हणायलाही जास्त. एवढ्याशा मापात थोडं इकडेतिकडे झालं की गोळीचा वेग लगेच बदलतो. वरून गोळीचं वजन, पुंगळीच्या कडेची जाडी, गोळी पुंगळीत किती घट्ट बसलीय, गोळीवरचा मेणाचा लेप, हे सगळं हजारात हजारांना सारखं असावं लागतं. घाऊक मालात नेमकं इथेच ढिलं सोडलेलं असतं. यंत्रं जोरात चालतात, तपासणी कमी, आणि तयार माल खोक्यात सुटा ओततात. तो ट्रकमधून हजार मैल एकमेकांवर आपटत येतो. पुढच्या वेळी खोकं उघडलंत तर मूठभर काडतुसं दिव्याखाली धरा. काहींच्या टोकाला बारीक चेपा असतो, काहींच्या मेणाला खोक्याच्या पुठ्ठ्याचा भुगा चिकटलेला असतो, आणि एखाद्याची गोळी दोन बोटांत धरून हलवली तर पुंगळीत चक्क डुलते. डुलणारी मी बाजूलाच काढते.

काही हौशी लोक यावर उपाय म्हणून काडतुसं काट्यावर तोलतात, कडेची जाडी गेजनं मोजतात, आणि ढीग लावतात. मोजमाप हा माझा धंदा, म्हणून मलाही हात शिवशिवतात. पण काडतूस तोललं की पुंगळी, गोळी, दारू, मेण या सगळ्यांची बेरीज कळते. पुंगळी जड आणि दारू कमी असली तरी काटा तोच आकडा दाखवणार. कारखान्यात मी नव्या पोरांना सांगते तेच इथे: तपासून माल सुधारत नाही, वाईट माल फक्त बाजूला निघतो. शनिवारची संध्याकाळ काडतुसं तोलण्यात घालवण्यापेक्षा चार डॉलर जास्त देऊन मोकळं व्हावं.

वेगाचं एक प्रकरण आहे, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. घाऊक खोक्यातला बराचसा माल 'हाय व्हेलॉसिटी' असतो: ३६ ग्रेनची तांब्याचा मुलामा दिलेली पोकळ टोकाची गोळी, सेकंदाला साधारण १,२६० फूट. वीस अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,१२५ फूट. म्हणजे गोळी नळीतून निघते आवाजापेक्षा वेगानं, आणि टार्गेटकडे जाता जाता आवाजाच्या वेगाखाली येते. ती सीमा ओलांडताना हवा तिला धक्के देते आणि ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा पुंजका, फाटतो. स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतूस १,०७० फुटांच्या आसपास निघतं, त्याला ही सीमा ओलांडावीच लागत नाही. नवख्यांना पटत नाही अशी गोष्ट पुढे आहे: वेगवान टू-टू वाऱ्यानं जास्त ढकलली जाते. आवाजाच्या वेगाजवळ हवेचा विरोध इतका वाढतो की गोळी आपला वेग झपाट्यानं गमावते, आणि वारा ढकलतो तो या गमावण्याच्या प्रमाणात. शंभर यार्डांवर, आडव्या वाऱ्यात, हा फरक कागदावर स्पष्ट दिसतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'हाय व्हेलॉसिटी' छापलेलं असतं ते टार्गेटवाल्याच्या कामाचं नाही, त्याला ते नडतंच.

एका काडतुसापासून दुसऱ्यापर्यंत वेग किती बदलतो हेही महत्त्वाचं. आमच्या क्लबातल्या एकाकडे क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, आहे. त्यावर बघितलं तर घाऊक मालात सर्वांत हळू आणि सर्वांत वेगवान गोळीत सेकंदाला ६०-८० फुटांचा फरक सहज निघतो. पन्नास यार्डांवर त्यानं गोळी अर्ध्या इंचाच्या आसपास वरखाली होते, शंभर यार्डांवर दीड-दोन इंच. हे सगळं तुम्ही श्वाससुद्धा न चुकता मारलं तरी.

मी ज्या खेळासाठी सराव करते त्यात या अर्ध्या इंचाचं काय होतं ते सांगते. एरी सरोवराच्या काठावर, पोर्ट क्लिंटनजवळ, कॅम्प पेरी आहे. दर उन्हाळ्यात तिथे राष्ट्रीय सामने होतात आणि त्यात सीएमपी या नेमबाजी संस्थेचा रिमफायर स्पोर्टर सामना असतो. साधी रायफल, साडेसात पौंडांच्या आतली. साठ गोळ्या, सहाशे गुण. पालथं आणि बसून पन्नास यार्डांवर, उभं राहून पंचवीस यार्डांवर. प्रत्येक पोझिशनमध्ये एकदा सावकाश, एकदा झपाट्यानं. झपाट्याच्या फेरीत बोल्टवाल्याला, म्हणजे दर गोळीनंतर हातानं बोल्ट मागेपुढे करणाऱ्याला, पाच गोळ्यांना तीस सेकंद. दहाचं वर्तुळ पावणेदोन इंचांच्या आसपास. वरून सरोवराचा वारा, तो सकाळी एका गालावर आणि अकरा वाजता दुसऱ्या गालावर. माझ्यासारखीचं हातांचं थरथरणंच इंचभर असतं. त्यात काडतुसानं आपला अर्धा इंच घातला की दहाचे नऊ आणि नवाचे आठ होतात.

ऑलिंपिकवाल्यांचं वर्तुळ तर याहून क्रूर. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढं. तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून) जगज्जेतेपद मिळवलं, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ, ते याच पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसावर. नाव तेच, माप तेच, पुंगळीही दिसायला तीच. पैसे जास्त पडतात ते एकसारखेपणाचे.

मुख्य मुद्दा मात्र गुणांचा नाही.

घाऊक काडतुसांची एक लकब आहे. पिशवीवर रायफल टेकवून दहा गोळ्या मारा. आठ जवळजवळ एकाच भोकात जातील, इतक्या छान की वाटेल, अरे, हे तर उत्तमच आहे! उरलेल्या दोन कुठेतरी भलतीकडे: टार्गेटला घड्याळाची तबकडी मानलं तर एक खाली सात वाजता, एक उजवीकडे अडीच वाजता. आठ शहाण्या, दोन वेड्या. पुढच्या दहांत पुन्हा असंच, फक्त वेड्या कुठे जातील ते सांगता येत नाही. इंटरनेटवर लोक पाच गोळ्यांचा चांगला ग्रुप निवडून फोटो टाकतात, शेजारी नाणं ठेवून. पाचांत वेडी न येण्याची शक्यता बऱ्यापैकी असते, त्यामुळे तो फोटो खोटा नसतो. पण काडतुसाची ओळख पटायला सलग दहा-दहाचे निदान चार-पाच ग्रुप लागतात, आणि त्यातला एकही वगळायचा नाही.

नेमबाजीत 'शॉट कॉल' करायला शिकवतात. चाप दाबला त्या क्षणी साइट्स (नेम धरायच्या खुणा) कुठे होत्या ते आठवायचं आणि दुर्बिणीत बघण्याआधी मनाशी बोलायचं: नऊ, तीन वाजता. मग बघायचं. जुळलं तर तुम्ही स्वतःला ओळखता. नाही जुळलं तर काहीतरी शिकायचं आहे: डोळा मिटला, बोट ओढलं, खांदा ढिला पडला. सगळी प्रगती या जुळण्या-न जुळण्यातून होते. आता दहातल्या दोन वेड्या काडतुसांना यात सोडा. कॉल केला दहा, गेली सात वाजता आठ. चूक माझी की हिची? कळायला मार्ग नाही. माणूस मग दोनांतलं एक करतो. एकतर प्रत्येक वाईट गोळी काडतुसाच्या नावावर लिहितो आणि आहे तिथेच राहतो, किंवा स्वतःची नसलेली चूक सुधारायला जातो आणि असलेली पोझिशन बिघडवतो. दुसरा प्रकार वाईट. आमच्या क्लबातल्या एका शाळकरी मुलीला मी हे करताना बघितलंय. बिचारी प्रत्येक वेड्या गोळीनंतर कोपर हलवत होती. तिच्या वडिलांना म्हटलं, अहो, एक डबी स्टँडर्ड व्हेलॉसिटी देऊन तर बघा. दिली. कोपर आपोआप स्थिर झालं.

म्हणून मी ब्रिक घेते. पाचशे काडतुसांची, पन्नासाच्या दहा डब्यांची वीट, स्टँडर्ड व्हेलॉसिटी. सामन्याच्या आधीच्या महिन्यात एसके. बस. माझ्या सीझेड ४५७ ला ते मानवतं. तुमच्या रायफलला दुसरं काही मानवेल, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी. एकाच मॉडेलच्या शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन रायफलींचीसुद्धा. ज्यांना यात खोल जायचंय त्यांच्यासाठी कोलंबसच्या उत्तरेला मॅरेंगोत लापुआचं टेस्ट सेंटर आहे. तिथे तुमची रायफल शिकंज्यात धरून वेगवेगळ्या लॉटची (कारखान्यातल्या एकेका खेपेची) काडतुसं पन्नास आणि शंभर मीटरवर मारून बघतात, आणि जो लॉट जमेल तो तुम्ही विकत घ्यायचा. माझ्या ऐपतीच्या आणि हाताच्या दोन्हीच्या पलीकडचं काम, पण बघायला मजा येते.

मग घाऊक खोकं कधीच नाही का? असं नाही. माझ्या घरी आत्ताही एक उघडं आहे.

मुलगा आणि त्याचे मित्र येतात तेव्हा पंचवीस यार्डांवर लोखंडी पत्री लावतो. पत्री वाजली की पोरं खूश, आणि तिथे अर्ध्या इंचानं काही बिघडत नाही. नवख्याला आधी काय शिकायचं असतं? नळी कुठे रोखलीय, बोट चापाबाहेर आहे का, बोल्ट उघडून आत बघितलं का. हे हातात मुरायला खूप राउंड लागतात आणि त्यात नेमाचा प्रश्न नंतरचा. शिवाय ज्यांच्याकडे रुगरची टेन ट्वेंटी-टूसारखी सेमी-ऑटो, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल, आहे, त्यांना कधीकधी वेगवान काडतूसच लागतं. मंद काडतुसानं बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी तोंडात अडकते. अ‍ॅपलसीडच्या दोन दिवसांच्या रायफल प्रशिक्षण शिबिरात काही शे राउंड लागतात, सहसा पंचवीस मीटरांवर, आणि तिथली कसोटी चार मिनिट ऑफ अँगलची, म्हणजे त्या अंतरावर साधारण एक इंच. रायफलला मानवलेलं घाऊक काडतूस तेवढं निभावून नेतं. मानवलेलं हे मात्र आधी बघून घ्या: शंभराची एखादी छोटी डबी आणा, मारा, आणि मग बादलीचा विचार करा.

साठवणीचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. २०१३ साली आणि पुन्हा २०२० साली इथे टू-टूच्या फळ्या रिकाम्या होत्या. दुकान उघडायच्या आधी रांगा, माणशी ठरावीक डब्या, आणि त्या डब्या बाहेर पार्किंगमध्ये दुप्पट भावानं विकणारे महाभाग. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या तळघरात आज भिंती उभ्या आहेत. कोरड्या थंड जागी काडतूस वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे साठवायला हरकत नाही. फक्त साठवायचंच आहे तर मारायचंय तेच साठवा.

मोठ्या रायफलींचं थोडक्यात. पॉइंट टू टू थ्रीमध्ये स्वस्त म्हणजे बरीच वर्षं रशियन स्टीलच्या पुंगळीचा माल होता. आयातीचे नवे परवाने सप्टेंबर २०२१ पासून निर्बंधांमुळे थांबले, त्यामुळे तो स्वस्तपणाही आता पूर्वीचा राहिला नाही. तुमच्या हाती कुठून आलाच तर रेंजवर नेण्याआधी गोळीला चुंबक लावून बघा. चिकटली तर तांब्याच्या पातळ थराखाली स्टील आहे, आणि बऱ्याच बंदिस्त रेंज ती चालवून घेत नाहीत: ठिणग्या उडतात, मागची भिंत खराब होते. काउंटरवरचा माणूस स्वतःच चुंबक घेऊन बसलेला असतो. शिवाय स्टीलची पुंगळी सहसा पुन्हा भरत नाहीत. सेंटरफायरमध्ये (ज्यात पिन बुडाच्या मधोमध आपटते) पितळी पुंगळी उचलून घरी नेली की तिच्यात नवं प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, मोजून दारू आणि चांगली गोळी भरता येते; टार्गेटवाल्यांचा स्वस्त दारूगोळा खरं तर तोच. टू-टूला ती सोय नाही, कडेवर एकदा आपटली की पुंगळी संपली.

आणि जुना लष्करी साठा. शेजारच्या एका आजोबांकडे मोसिन-नागांत ही जुनी रशियन लष्करी रायफल आहे आणि तिच्यासाठी ४४० काडतुसांचा सीलबंद पत्र्याचा डबा, ज्याला 'स्पॅम कॅन' म्हणतात. डबा फोडायला खास कटर लागतो. त्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून नळीत मीठ उरतं, मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि न धुता ठेवली तर नळीत गंज धरतो. नुसत्या तेलानं मीठ निघत नाही, पाणीच लागतं. आजोबा रेंजवरून आले की गॅरेजच्या दारात रायफल उलटी धरून किटलीनं उकळतं पाणी नळीत ओततात, मग पुसणं, मग तेल. पाऊण तास जातो. त्यांना ते आवडतं. माझ्या नवऱ्याला वाटतं, चहा चाललाय.

ब्रिक घेताना लॉट नंबर बघा. डबीच्या झाकणाच्या पट्टीवर किंवा मागे छापलेला असतो. एकाच लॉटच्या डब्या घ्या, कारण लॉट बदलला की झीरो (साइट जुळवून ठेवलेला नेम) थोडं सरकू शकतं. ब्रँड बदललात तर पहिल्या दहा-वीस गोळ्यांवरून मत बनवू नका. नळीत आधीच्या मेणाचा थर असतो, नवं मेण बसायला तेवढा वेळ लागतो. काउंटरवर 'रायफलसाठी की पिस्तुलासाठी?' असं विचारलं तर दचकू नका. टू-टू दोन्हीत चालते आणि पिस्तुलाच्या काडतुसाला वयाची अट एकवीस आहे, रायफलच्या अठरा, म्हणून विचारतात. घरी आल्यावर हात थंड पाण्यानं आणि साबणानं धुवा, शिसं असतं. पोरांना आधी हात धुवायला लावा, मग खाऊ.

शेवटी सगळ्यांत स्वस्त सरावाबद्दल, म्हणजे काडतूस न घालता मारण्याबद्दल. नळी रिकामी, चेंबर दोनदा बघितलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, समोरच्या भिंतीवर कागदाचा ठिपका. साइट लावायची, चाप दाबायचा, कॉल करायचा. इथे वेडं काडतूस नसतंच, त्यामुळे हललं ते तुमच्यामुळेच. रिमफायरमध्ये अडचण एवढीच की काही रायफलींत, विशेषतः जुन्या, पिन चेंबरच्या कडेवर आपटून कडा चेपते. कंपनीच्या पुस्तिकेत चालतं की नाही ते बघून घ्या. मी तरीही आत काहीतरी घालतेच. हार्डवेअरच्या दुकानात भिंतीत स्क्रू बसवायला पिवळे प्लॅस्टिकचे प्लग मिळतात, चार-सहा नंबरचे. ते टू-टूच्या चेंबरमध्ये बरोबर बसतात, त्यांची कड पिनचा मार झेलते, आणि थोडं फिरवून एकच प्लग कितीतरी वेळा वापरता येतो. शंभराचं पाकीट पाच-सात डॉलरला मिळतं.